हातावरच्या चिमण्या

आखाजीच्या दिवशीं आमच्या जळगांवच्या घरांत एक वाद उपस्थित झाला, आणि त्याच्या पायीं मला अमळनेर व धुळें या दोन गांवांची वाट धरावी लागली.

अक्षय्यतृतीयेस खानदेशांत आखाजी म्हणतात. हा सण येथें दिवाळीच्या तोडीचा. सासुरवाशिणी माहेरीं येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधतात, गौराईचीं गाणीं म्हणतात, आणि त्याच दिवशीं घरोघर पितरांच्या नांवानें पाण्याची घागर भरली जाते. घागरीच्या तोंडावर डांगर ठेवावयाचें. डांगर म्हणजे खरबूज, हें पुण्याकडील वाचकांस सांगणें अवश्य आहे. नाहींतर तिकडील मंडळींच्या डोळ्यांपुढें उडदाच्या पिठाची वाटी येईल. एका ओसरीवर झोका आणि दुसरीवर पितर, असा हा सण असून त्यांत कोणालाच कांहीं विसंगत वाटत नाहीं.

२०२२ पासून आमच्या घरीं एक घागर माझ्या थोरल्या मुलाच्या नांवानें भरली जाते. २०२१ च्या मे महिन्यांत, करोनाच्या दुसऱ्या लाटेंत, तो गेला. मुलानें बापाच्या नांवें पाणी द्यावें हा क्रम. आमच्याकडे तो उलटला. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं.

त्याची मुलगी पुण्यास शिकते. सणासाठीं ती आली होती. पानें उचललीं गेल्यावर ओसरीवर सगळीं बसलीं असतां ती म्हणाली, “अण्णा, मला हातावर चिमण्या गोंदून घ्यायच्या आहेत.”

प्रथम कोणालाच नीट उमगलें नाहीं. मग तिनें कागदावर काढलेलें चित्र दाखविलें. सात चिमण्या जाळें घेऊन उडत आहेत. तें पाहतांच मला ओळख पटली. फिल्म्स डिव्हिजननें १९७४ सालीं ‘एक, अनेक और एकता’ नांवाचा सातेक मिनिटांचा हलत्या चित्रांचा पट काढला होता. दिग्दर्शिका विजया मुळे. चित्रें चालतीं-बोलतीं करण्याचें काम भीमसेन यांचें. शैक्षणिक चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पारितोषिकही मिळालें. पुढें दूरदर्शनवर तो वारंवार दाखवीत, आणि त्या काळीं लहान असलेल्या पिढीला त्यांतील गाणें तोंडपाठ आहे. पारध्यानें टाकलेल्या जाळ्यांत चिमण्या सांपडतात, एकदम उडतात, जाळें घेऊनच उडतात, आणि मित्र उंदीर तें कुरतडून त्यांना मोकळें करतात. माझा मुलगा सहा-सात वर्षांचा असतांना हा पट बघून धांवत आला होता, तेव्हां मीं त्याला हितोपदेशांतील चित्रग्रीव नामक कपोतराजाची गोष्ट सांगितली होती. ही त्याचीच कथा. फक्त कबुतरांच्या चिमण्या झाल्या आणि एका हिरण्यकाचे पुष्कळ उंदीर झाले. पुढें त्यानें आपल्या लेकीला जेवूं घालतांना तेंच गाणें म्हणावें आणि घास भरवावा. चिमणीचा घास आपल्या घरांत पूर्वीपासून आहेच. ही चिमणी दूरदर्शनवरून आलेली, एवढेंच.

वाद झाला तो असा. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “उद्यां लग्नाच्या वेळीं लोक काय म्हणतील?” धाकटा मुलगा म्हणाला, नोकरीच्या ठिकाणीं अडचण येते. थोरली सूनबाई, म्हणजे मुलीची आई, कांहींच बोलली नाहीं. ती पानांची चळत घेऊन आंत गेली. आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आमच्या मातोश्री हंसूं लागल्या. त्यांनीं लुगड्याचा पदर मागें सारून आपला उजवा हात पुढें केला. मनगटाच्या वर तुळशीवृंदावन, त्याच्या दोहों बाजूंस ठिपके. “हें काय मग? मला काय कोणी टाकली?”

वास्तविक गोंदण ही ब्राह्मणांच्या घरांतही अपरिचित गोष्ट नव्हती. आपल्या आज्या-पणज्यांच्या हनुवटीवरचा ठिपका, कपाळावरची बारीक चंद्रकोर, हातावरची तुळस आपण सर्वांनीं पाहिली आहे. माध्वसंप्रदायी घरांत तर आषाढी एकादशीस शंखचक्राच्या तप्तमुद्रा अंगावर घेण्याची चाल आजही आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीं शिकलेल्या सुनांनीं गोंदण टाकून दिलें, तें खेडवळ वाटूं लागलें म्हणून. आतां त्यांच्या नाती तें मागूं लागल्या आहेत, आणि आपण म्हणतों हें विलायती खूळ आहे! विलायती शब्द ‘टॅटू’, तोही विलायतेचा नव्हे. कॅप्टन कुक १७६९ सालीं ताहिती बेटावर गेला, त्यानंतर तेथील लोकांचा शब्द इंग्रजीनें उचलला. आल्प्स पर्वतांत १९९१ सालीं बर्फांत सुमारें ५३०० वर्षांपूर्वींच्या मनुष्याचा देह मिळाला, त्याच्या अंगावर ६१ खुणा गोंदलेल्या आढळल्या. तेव्हां या विद्येचें मूळपण कोणीच आपलें म्हणूं नये.

तथापि निर्णय माझ्यावर सोंपविण्यांत आला. मास्तर म्हणून आयुष्य घालविलेल्या मनुष्यास न पाहिलेल्या गोष्टीवर मत देण्याची संवय असते. ती यावेळीं मोडावी असें ठरविलें. घरांतील एका जुन्या पोथीचीं सुटीं पानें मला धुळ्यास राजवाडे संशोधन मंडळांत दाखवावयाचीं होतीं, आणि वाटेंत अमळनेरची यात्रा भरली होती. नातीला म्हटलें, चल माझ्याबरोबर.

जळगांवाहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीनें आम्ही निघालों. वैशाखांतलें खानदेश गाडींतून पाहण्यासारखें नसतें, असें लोक म्हणतात. मला तें आवडतें. कापसाचीं रिकामीं काळीं शेतें, मधूनच केळीच्या बागेचा हिरवा चौकोन, आणि उत्तरेस उन्हाच्या धुरांत बुडालेला सातपुडा. धरणगांव आलें तेव्हां बालकवींचा जन्म येथला, १८९० चा, असें मीं सांगितलें. नातीनें मान डोलावली आणि हातांतला दूरध्वनि माझ्यापुढें धरला. पुण्यांतील तिच्या मैत्रिणींनीं काय काय गोंदवून घेतलें आहे, त्याचीं चित्रें होतीं. एकीच्या घोट्यावर नारिंगी पांढऱ्या पट्ट्यांचा मासा होता. हा कोण, म्हणून विचारलें. ‘फाइंडिंग नीमो’ या २००३ सालच्या चित्रपटांतला. हरवलेल्या मुलासाठीं बाप मासा सारा समुद्र पालथा घालतो, अशी कथा आहे म्हणे. दुसरीच्या खांद्यावर फुग्यांनीं उचललेलें घर होतें. तें ‘अप’ या २००९ च्या चित्रपटांतलें, त्यांत म्हातारा विधुर बायकोच्या आठवणीपायीं घरासकट उडून जातो. तिसरीच्या हातावर गुबगुबीत पोटाचा ‘तोतोरो’ नांवाचा जपानी वनदेव होता, हयाओ मियाझाकी यांच्या १९८८ च्या चित्रपटांतला. मला वाटत होतें हीं पोरें गंमत म्हणून कार्टून काढून घेत असतील. तसें करणारेही असतीलच. पण या तिन्ही कथांच्या मुळाशीं जें होतें, तें ऐकून मी खिडकीबाहेर पाहूं लागलों.

आपल्याकडे ही कला नवी नाहीं, हें मात्र मीं तिला अभिमानानें सांगितलें. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीं १९१५ सालीं आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ हा पट केला, आणि प्रभात कंपनीनें १९३४ सालीं ‘जंबूकाका’ काढला. तिला दोन्ही नांवें नवीं होतीं.

अमळनेरला उतरलों तों एकादशीची गर्दी. संत सखाराम महाराजांची समाधि बोरी नदीच्या पात्रांतच आहे, आणि वैशाख शुद्ध एकादशीला त्यांचा रथ निघतो. पाऊस पडेपर्यंत नदी गांवाला आपलें अंगण देते, त्यांत यात्रा भरते. साने गुरुजी १९३० पर्यंत याच गांवांत शिक्षक होते. मास्तरकीचा अभिमान ज्याला आहे, त्यानें या गांवीं वाकून पाय ठेवावा.

पाळणे, भांड्यांचीं दुकानें, रेवड्यांचे ढीग ओलांडून पलीकडे गोंदणाऱ्यांची रांग लागली. पूर्वीं गोंदणारीण दारावर येई. दिव्याची काजळी, कसल्या तरी पाल्याचा रस, तीन-चार सुया दोऱ्यानें एकत्र बांधलेल्या. टोंचून झालें कीं वर हळद. पोरीला चौघींनीं धरावें आणि पांचवीनें गाणें म्हणावें. आतां यंत्र आहे. न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यानें १८९१ सालीं एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून गोंदण्याचें यंत्र बनविलें. त्याचेंच गरीब भावंड येथें बॅटरीवर भुणभुणत होतें. जमिनीवर पोतें, पोत्यावर नमुन्यांचे तक्ते. तक्त्यांवर महादेव, त्रिशूल, विंचू, बदाम, मोर, तुळस, आणि त्यांच्याच ओळींत छोटा भीम, मिकी उंदीर व गळ्यांत घंटा बांधलेलें डोरेमॉन नांवाचें निळें मांजर. एक पांच वर्षांचा मुलगा त्या मांजरासाठीं भोंकाड पसरून बसला होता आणि त्याची आजी त्याला विंचू घे म्हणून समजावीत होती.

तक्त्याच्या मधोमध मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलें होतें, ‘आईचा आर्शिवाद’. माझ्या पायांखालची वाळू सरकली. चाळीस वर्षें हा एक शब्द मीं तांबड्या शाईनें दुरुस्त केला. फळ्यावरची चूक पुसतां येते, वहींतली खोडतां येते. येथें तर रफार चुकलेला आशीर्वाद घेऊन मनुष्य सरणावर जाणार! एक तरणा शेतकरी हात पुढें करून बसला होता, यंत्र सुरू होणार, इतक्यांत मीं ओरडलों, “थांबा!” गोंदणाऱ्याला वाटलें पोलीस आला. मी खालीं बसलों आणि त्याच्याच पेनानें त्या मुलाच्या हातावर शब्द लिहून दिला: शि नव्हे शी, आणि रफार व वर. मग काय, रांगच लागली. कोणाची ‘सुमित्रा’, कोणाचें ‘श्रीकृष्ण’, कोणाला बैलाचें नांव हवें होतें. अर्ध्या तासांत मीं अकरा जणांचें शुद्धलेखन तपासलें. गोंदणाऱ्यानें मला चहा पाजला आणि तक्ता दुरुस्त करून घेतला. शाळा सोडल्यापासून इतकें समाधान मला झालें नव्हतें.

पण त्या अर्ध्या तासांत मीं दुसरेंही कांहीं पाहिलें. सुई एकच होती. अकराही हातांत तीच गेली, आणि शाईचें बुचही तेंच. रक्तांतून पसरणारे कावीळीचे प्रकार आणि एड्सचा विषाणु यांना याहून सोपा रस्ता नाहीं. मीं हें गोंदणाऱ्याला हळूच सांगितलें. तो म्हणाला, “बाबा, नवी सुई लावसू तं वीस रुपयाले कोन गोंदी?” त्याचें उत्तर माझ्यापाशीं नव्हतें. ज्यांनीं यात्रेला परवाने द्यावयाचे, त्यांनीं बंद पाकिटांतल्या सुया पुरविण्याची अट घातली तर त्याचें पोट आणि लोकांचें रक्त दोन्ही राहील, एवढें मला सुचतें. नात म्हणाली, “मी इथें करणारच नव्हतें, अण्णा.” पुण्यांत हातमोजे घालून, देखत पाकीट फोडून, प्रत्येकाला शाईची निराळी वाटी देणारीं दुकानें आहेत आणि तेथील दर ऐकून मी पुन्हा वाळूवर बसलों.

रात्रीं रथ पाहून दुसऱ्या दिवशीं एस्. टी. नें धुळें गांठलें. ब्रिग्ज साहेबानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं आंखून वसविलेल्या या पेठेच्या सरळ गल्ल्यांना आजही क्रमांकच आहेत. पाढ्यांच्या वहींतून चालल्यासारखें वाटतें. इतिहासाचार्य राजवाडे याच गांवीं १९२६ च्या अखेरीस वारले आणि पुढल्या वर्षीं त्यांच्या नांवाचें मंडळ निघालें. तेथें आमचीं पानें दाखविलीं. कागद कडेनें झडला आहे, किडीनें त्याला चाळणी केली आहे, पण अक्षर कालच्यासारखें काळेंभोर. जुन्या पोथ्यांची शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि डिंक. नातीनें पान उजेडाकडे धरलें आणि म्हणाली, “पणजीच्या हातावर पण काजळीच आहे ना?”

आहेच. मग हाताची कातडी तर सारखी झडत असते, ती काजळी जात कशी नाहीं? याचें उत्तर मीं एका शास्त्रीय मासिकांत वाचलें होतें. झडतो तो वरचा थर. सुई त्याच्या खालच्या थरांत जाते. तेथें शरीराचे पहारेकरी असलेल्या पेशी शाईच्या कणांना परके समजून गिळून टाकतात, पण ते पचत नाहींत. ती पेशी मेली कीं तिच्या पोटांतले कण शेजारची नवी पेशी गिळते. फ्रान्समधील संशोधकांनीं २०१८ सालीं उंदरांवर प्रयोग करून हें दाखविलें. म्हणजे एका पिढीनें ठेवलेला देव्हारा पुढल्या पिढीनें उचलावा, तसा हा प्रकार चालतो. मात्र या हस्तांतरांत कांहीं कण हळूहळू इकडेतिकडे सरकतात. मातोश्रींचें वृंदावन त्या आठ वर्षांच्या असतां गोंदलें. तेव्हां त्याच्या कट्ट्यावर म्हणे जाळीदार नक्षी होती. आज तेथें निळसर डाग आहे. तुळशीचीं पानें तेवढीं सुटीं काढलेलीं असल्यामुळें शाबूत आहेत.

दुपारीं ऊन उतरल्यावर पांझरेच्या कांठीं एकवीरा देवीच्या दर्शनास गेलों. पायऱ्यांवर साक्रीकडची एक भिल्ल म्हातारी टोपली घेऊन बसली होती. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांपासून कानशिलाकडे गेलेल्या दोन-दोन रेषा गोंदलेल्या; त्यांमुळें ती सदैव जागी असल्यासारखी दिसे. हातावर पांखरूं. नातीनें तें पांखरूं पाहिलें आणि ती तिच्याजवळ बसलीच. दोघींचें काय बोलणें झालें तें मला सगळें कळलें नाहीं, अहिराणींत म्हातारीनें सांगितलेलें एक वाक्य मात्र कानीं पडलें, “सोनं सुना-लेकी काढी लेतस, हाई संगे येस.” सोनें अंगावरून उतरवून घेतात, हें बरोबर येतें. हाच विचार मीं माझ्या आजीच्या तोंडूनही ऐकला आहे. शान्ता शेळके यांनीं आपल्या एका काव्यसंग्रहाला ‘गोंदण’ हेंच नांव दिलें, तें उगाच नव्हे.

परततांना एस्. टी. त मीं माझें म्हणणें सांगितलें. तत्त्वाला हरकत राहिली नव्हती. तपशिलाला तीन होत्या.

पहिली जागेची. आमच्या आळींतला एक मुलगा सैन्यांत जाण्यासाठीं पहांटे मैदानावर धांवतो. त्यानें हौसेनें दंडावर ‘लायन किंग’मधला सिंहाचा छावा गोंदवून घेतला. सैन्याच्या नियमाप्रमाणें कायमचें गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आंतल्या अंगावर किंवा पंजाच्या मागील बाजूसच चालतें. आदिवासी उमेदवारांच्या परंपरागत गोंदणाचा विचार निराळा होतो. आतां तो लेझरनें छावा काढूं पाहत आहे, आणि काढण्याचा खर्च व वेदना काढवून घेण्याच्या कितीतरी पट. तेव्हां उद्यां कोणती नोकरी करशील हें ठाऊक नसतां, हाताच्या आंतल्या अंगावरच गोंद.

दुसरी वेळेची. दरवर्षीं मे महिन्यांत वडिलांच्या स्मृतिदिनीं ही मुलगी रक्त देते. त्याच्या आजारांत आम्ही दारोदार जें जें मागत फिरलों, त्यांतून तिनें घेतलेलें हें व्रत आहे. गोंदून घेतल्यावर एक वर्ष रक्त घेत नाहींत, हें तिला ठाऊक नव्हतें. ती एकदम गप्प झाली. मग आम्ही दोघांनीं गणित केलें. आधीं रक्त द्यावयाचें, दोन दिवस जाऊं द्यावयाचे, मग गोंदावयाचें. पुढल्या वर्षीं रक्त दोन दिवस उशिरा. तिथीप्रमाणें धरलें असतें तर ती साधारणतः अकरा दिवस आधीं येऊन सारा घोळ झाला असता. इंग्रजी तारखेचा मला आनंद झाल्याचा प्रसंग विरळाच.

तिसरी हरकत जाळ्याची होती. तिच्या चित्रांतलें जाळें फारच बारीक विणीचें होतें. “पणजीचा कट्टा पाहिलास ना? चाळीस वर्षांनीं त्या जाळ्याचा डाग होईल, आणि चिमण्या डागांत सांपडतील. जाळें गाळ. चिमण्याच ठेव, मोठ्या आणि एकमेकींपासून सुट्या.”

ती बराच वेळ चित्राकडे पाहत होती. पारोळ्याच्या थांब्यावर गाडी उभी राहिली तेव्हां तिनें पेनाची मागची बाजू घेऊन जाळें खोडरबरानें पुसून टाकलें.

ज्येष्ठांत ती पुन्हा घरीं आली. डाव्या हाताच्या आंतल्या अंगावर सात चिमण्या, एक पुढें आणि सहा मागें. खपल्या नुकत्याच झडूं लागल्या होत्या. आमच्या सौभाग्यवतींनीं पाहिलें आणि “बारीक आहेत, पदराखालीं झांकतील” एवढें म्हणून त्या देवघरांत गेल्या. मातोश्रींनीं एकेकीवर बोट ठेवून त्या मोजल्या, आणि आपला हात तिच्या हाताशेजारीं ठेवून पाहिला. सूनबाई कांहीं बोलली नाहीं. रात्रीं दिवे मालवावयास मी माजघरांत गेलों, तेव्हां ती लेकीचा हात मांडीवर घेऊन त्याला खोबरेल लावीत बसली होती, आणि तेंच गाणें अगदीं खालच्या आवाजांत म्हणत होती. मी दिवा तसाच ठेवून परत आलों.